जर्मनचं पातेलं, जर्मन बॉस

तुमच्या आज्जीच्या स्वयंपाकघरात एक तरी 'जर्मनचं' पातेलं असणारच. सातारा-सांगलीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, कुणी जर्मलची म्हणतं. त्या पातेल्याचा जर्मनीशी संबंध नावापुरताच. गंमत अशी, की पुढे आपल्याच भागातल्या एका घराण्याने जर्मनीतला अ‍ॅल्युमिनियमचा अख्खा कारखाना विकत घेतला!

कल्याणींबद्दल बोलतोय. कराडच्या व्यापारी घराण्यातल्या नीळकंठराव कल्याणींनी १९६१मध्ये पुण्यात भारत फोर्ज काढली. साताऱ्याजवळ वढूथलाही तिचा प्लांट आहे. बाबा कल्याणींच्या काळात, २००४च्या सुरुवातीला, या कंपनीने जर्मनीत एनेपेटालची कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली. कंपनी १८३९पासूनची, पण दिवाळखोरीत गेलेली. त्याच वर्षाच्या अखेरीला सॅक्सनीतल्या ब्रांड-एर्बिसडोर्फचा अ‍ॅल्युमिनियम फोर्जिंगचा कारखानाही आला. आता बोला!

अर्थात, आपण काही कारखाने घेणारे नाही. आपल्या नशिबी हिंजवडी किंवा चाकणचं ऑफिस, आणि कॉलवर पलीकडे बसलेला जर्मन बॉस. मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याची मीटिंग अचानक तासभर इकडेतिकडे सरकते, कारण तिकडचं घड्याळ बदलतं. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. एवढं कॅलेंडरला लावून ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील. उरलेली अर्धी मात्र घड्याळामुळे होत नाहीत.

'बघतो' म्हणजे काय?

माझा एक विट्याचा मित्र पुण्यात एका जर्मन टीमबरोबर काम करायचा. कंपनीचं नाव राहू द्या. कॉलवर विचारलं गेलं, "शुक्रवारपर्यंत होईल?" काम होणार नाही हे याला पक्कं ठाऊक. पण समोर सीनियर माणूस, नाही कसं म्हणायचं? "येस, वुई विल ट्राय," म्हणाला. शुक्रवारी काम झालं नाही. आपल्याकडे सोमवारी एक 'सॉरी सर' आणि विषय संपला असता. तिकडे त्या 'येस'वर पुढच्या तिघांनी आपापल्या तारखा ठरवून टाकल्या होत्या. मित्राला ओरडा बसला नाही. फक्त पुढचे दोन महिने त्याला कुणी तारीखच विचारली नाही. "भावा, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," असं तो अजून म्हणतो.

आपल्या 'बघतो'चे किमान चार अर्थ होतात आणि आपल्याला ते सूर ऐकून कळतात. जर्मन माणसाला त्यातला एकच कळतो: होणार. म्हणून तिथे 'नाही' हा शब्द उद्धट नाही, कामाचा आहे. "शुक्रवारी नाही, बुधवारी. कारण हे," एवढं सांगा. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये चूक असेल तर तोही सर्वांसमोर "हे चुकलंय" म्हणेल आणि नंतर तुमच्याबरोबर मजेत जेवेल. त्याने चूक कामाची काढलेली असते, तुमची नाही. खरं तर हे पुणेकरांपेक्षा सातारकर-सांगलीकरांना सोपं जायला हवं. गावाकडे आपण तोंडावरच बोलतो की! ऑफिसचा बॅज गळ्यात अडकवला की 'बघतो सर' कुठून येतं, कोण जाणे.

दुसरी एक गोष्ट आपल्याला अमेरिकनांपेक्षा चटकन कळते. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू. 'तू'वर यायचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने मांडायचा, आपण नाही. तोवर आडनावच, आणि डॉक्टरेट असेल तर तीही आडनावाआधी. नव्या कंपन्यांमध्ये पहिल्या दिवसापासून 'डू' असतं. समोरचा काय वापरतोय ते ऐका, बस्स. वाढदिवसाला केक ज्याचा त्यानेच आणायचा आणि आदल्या दिवशी शुभेच्छा अजिबात द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. आणि संध्याकाळी 'फायरआबेंड' झाला, म्हणजे कामाचा दिवस संपला, की फोन करू नका. जळत असेल तरच करा.

निर्णय मात्र संथ. कामगारांनी निवडून दिलेलं 'बेट्रीब्सराट' नावाचं मंडळ असेल, तर कामाच्या वेळांसारख्या गोष्टीही त्याच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा १९७६च्या कायद्याने कामगारांच्या आहेत. म्हणून ठरायला वेळ लागतो, पण ठरलं की पुन्हा उकरून काढत नाहीत.

गावातली सोसायटी

हे सगळं परकं वाटत असेल तर आपल्या गावच्या विकास सोसायटीकडे बघा. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा जर्मनीतल्या खेड्यांचा महापौर. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी त्याने १८६४मध्ये हेडेसडोर्फला पतसंस्था उभी केली. तारण काय, तर एकमेकांचा शब्द. एक बुडाला तर बाकीच्यांनी भरायचं, त्यामुळे कुणाच्या 'हो'ला किती वजन आहे ते अख्ख्या गावाला माहीत. मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सनने ही पद्धत अभ्यासली, १८९५ आणि १८९७मध्ये अहवाल दिले, आणि १९०४मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ज्या सहकारावर वसंतदादांच्या सांगलीने आणि यशवंतरावांच्या कराडने राजकारण केलं, साखर कारखाने चालवले, त्याचं एक मूळ तिथलं आहे. दिलेल्या शब्दाला सोसायटीच्या वहीत किंमत होती. जर्मन बॉसची एक्सेल शीट म्हणजे तीच वही!

आता हा प्रश्न फक्त कॉलपुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशा कामांसाठी सुरुवातीला दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट होतं. तुमचा चुलतभाऊ किंवा मामेबहीण विचारायला आली तर दोन गोष्टी आधी सांगा. नर्सिंगसाठी जर्मन भाषा साधारणपणे बी-टू पातळीपर्यंत यावी लागते, तीन महिन्यांच्या क्लासने ते जमत नाही. आणि इथल्या प्रमाणपत्राला तिथे मान्यता मिळणं ही वेगळी पायरी आहे, तिला वेळ आणि कागद दोन्ही लागतात. विमानाच्या तिकिटाआधी एजंटला हे विचारायचं. तो "बघतो" म्हणाला तर उठायचं.

स्टुटगार्टकडे घर मिळालंच, तर एखाद्या सोमवारी दाराच्या कडीला पाटी लटकलेली दिसेल. 'केअरवोखे', म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. शनिवारपर्यंत उरकून घ्या. रविवारी व्हॅक्यूम क्लीनर लावलात तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतील, आणि त्या 'झी' म्हणूनच ओरडतील.