भयग्रस्त स्वार आणि आत्मविश्वासाची घडण

घोड्यावरून पडलेला मनुष्य शरीराने बरा झाल्यावरही पुन्हा खोगिरावर बसताना कचरतो, हा अनुभव सर्वपरिचित आहे. अशा स्वारास बहुधा ‘भिऊ नका’ असा उपदेश करण्यात येतो आणि तो बहुधा निष्फळ ठरतो. तो निष्फळ का ठरतो व त्याऐवजी मानसशास्त्र कोणते उपाय सुचविते, याचा येथे संक्षेपाने विचार केला आहे.

अश्वारोहणातील भयाचे एक वैशिष्ट्य आहे. अंधाराला भिणाऱ्याच्या भयाने अंधार बदलत नाही. स्वाराच्या भयाने मात्र घोडा बदलतो. भ्यालेला स्वार श्वास रोखतो, पुढे झुकतो, गुडघे आवळतो व लगाम ताणून धरतो. परिणामी त्याची मांड ढिली पडते आणि घोड्यास परस्परविरोधी इशारे मिळतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. काहींना घोडा हाती धरून व काहींना त्यावर स्वार होऊन तेच अंतर चार वेळा चालून जावयास सांगण्यात आले. चौथ्या खेपेपूर्वी, घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल, अशी सूचना त्यांना देण्यात आली. छत्री प्रत्यक्षात उघडण्यात आली नाही. तथापि माणसांबरोबर घोड्यांचीही हृदयगती वाढली. तात्पर्य, येथे भय आपल्या समर्थनार्थ स्वतःच पुरावा निर्माण करते. हे चक्र नुसत्या शब्दांनी तुटत नाही.

म्हणून पहिला उपाय शरीरापासून सुरू होतो. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली क्रमिक स्नायुशिथिलनाची पद्धती ग्रंथरूपाने मांडली. जोसेफ वोल्पी यांनी तिचाच आधार घेऊन, शिथिल अवस्थेत भयविषयाशी पायरीपायरीने परिचय करून देण्याची पद्धती विकसित केली. त्यांचा ग्रंथ १९५८ सालचा. स्वाराच्या बाबतीत या पायऱ्या सहज आखता येतात : तबेल्यात घोड्याजवळ उभे राहणे, त्यास खरारा करणे, दुसऱ्याने घोडा धरला असता वर बसणे, संथ चाल आणि शेवटी दुडकी. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत पुढची चढावयाची नाही, हा नियम. सॅली स्विफ्ट या अमेरिकन शिक्षिकेने १९८५ सालच्या आपल्या पुस्तकात खोल श्वसन, दृष्टी एका बिंदूवर न रोखता विस्तृत ठेवणे आणि शरीराच्या गुरुत्वमध्याची जाणीव यांवर भर दिला, तोही याच दिशेने.

दुसरा उपाय मानसिक उजळणीचा. येथे एक चूक वारंवार होते. स्वार केवळ निर्विघ्न रपेटीचे चित्र रंगवितो आणि घोडा प्रत्यक्षात बुजताच ते चित्र कोसळते. घोडा बुजला, आपण श्वास सोडला, टाच खाली दाबली, घोड्यास वर्तुळात वळविले, अशी संकटासह उत्तराचीही उजळणी अधिक उपयुक्त होय.

अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली आत्मक्षमतेच्या विश्वासाचे चार उगम सांगितले : स्वतःचे यश, इतरांचे यश पाहणे, शाब्दिक प्रोत्साहन आणि शारीरिक-भावनिक अवस्था. त्यांत स्वतःचे यश सर्वांत प्रभावी. शब्दांचा प्रभाव तुलनेने क्षीण. आरंभी उल्लेखिलेला उपदेश निष्फळ का होतो, याचा उलगडा येथे होतो.

तथापि, एक मर्यादा विसरता कामा नये. प्रत्येक भय हा मनाचा दोष नव्हे. घोडा स्वाराच्या कौशल्यास न पेलणारा असेल, खोगीर रुतून त्यास वेदना होत असतील, तर स्वाराचे भय ही यथार्थ माहिती असते. अशा वेळी मनःप्रशिक्षणाने ती माहिती दडपून टाकणे म्हणजे स्वारास अपघाताच्या तोंडी देणे होय. म्हणून प्रशिक्षकाने प्रथम घोडा तपासावा, मग साज आणि त्यानंतरच मन. बुजलेल्या घोड्यास मारझोड करून पुढे रेटल्यास त्याचे भय वाढते, हे झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच सांगितले होते. घोड्याविषयीचा हा विवेक स्वारालाही तितकाच लागू पडतो.