हाडांच्या नोंदी, हजारो हातांनी

उत्खननात प्राण्यांच्या हाडांचे तुकडे ढिगाने निघतात. प्राणी कोणता, हाड कोणते, डावे की उजवे, भाजल्याची किंवा सुरीची खूण आहे का, कोणत्या थरात सापडले, एवढे प्रत्येक तुकड्यामागे लिहावे लागते. एकाच थरात गायीच्या उजव्या मांडीची तीन हाडे मिळाली, तर तिथे निदान तीन गायी होत्या, हे अशा नोंदींवरूनच ठरते. एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. त्यामुळे नोंद हरवली, तर पेटीतले हाड जवळजवळ मुके होते.

विसाव्या शतकातल्या बहुतेक नोंदी कार्डांवर आणि वह्यांत हाताने लिहिलेल्या आहेत. फ्लोरिडा म्युझियममध्ये एलिझाबेथ विंग यांनी १९६०च्या दशकापासून उभारलेल्या संग्रहासारखे मोठे संग्रह जगात अनेक आहेत. तज्ज्ञ मात्र मोजकेच. यावर तोडगा म्हणून कार्डांची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवून स्वयंसेवकांकडून मजकूर टंकून घेण्याची पद्धत पुढे आली. निसर्गसंग्रहालयांतल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांसाठी ‘नोट्स फ्रॉम नेचर’ हे संकेतस्थळ २०१३ मध्ये सुरू झाले, तर ब्रिटिश म्युझियम आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांनी ‘मायक्रोपास्ट्स’ या संकेतस्थळावर कांस्ययुगीन वस्तूंची कार्डे लोकांपुढे ठेवली.

हाड ओळखण्याचे काम स्वयंसेवकाचे नाही. कार्डावर आहे तसे उतरवणे एवढेच त्याच्याकडे असते. हे ऐकायला सोपे वाटते. पण मेंढी आणि शेळी यांची बरीच हाडे वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून तज्ज्ञ मुद्दाम ‘मेंढी/शेळी’ लिहितो किंवा नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवतो. ते चिन्ह कुणी ‘नीटनेटकेपणा’साठी गाळले, की शंकेची खात्री होऊन बसते. म्हणून एकच कार्ड अनेकांना दिले जाते, त्यांच्या नोंदी ताडून पाहतात आणि जिथे मेळ बसत नाही तिथे तज्ज्ञ मूळ कार्ड पाहतो.

एकत्र आलेल्या नोंदी जीवशास्त्रालाही उपयोगी पडतात. उत्तर अटलांटिकमधला, १८४४च्या सुमारास नामशेष झालेला ग्रेट ऑक हा न उडणारा पक्षी. त्याची हाडे फ्लोरिडातल्या शिंपल्यांच्या प्राचीन ढिगाऱ्यांत सापडली आहेत. केवळ एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींवरून त्याचा वावर इतक्या दक्षिणेला कुणी मांडला नसता. पुरातत्त्वाच्या आणि प्राणिशास्त्राच्या नोंदी जोडण्यासाठीच २०१९ मध्ये ‘झूआर्कनेट’ हे जाळे मांडले गेले. अशा नोंदी खुल्या करताना स्थळाचा नेमका ठावठिकाणा बरेचदा मोघम ठेवतात, कारण चोरून खणणारेही त्या वाचू शकतात.