खेळायची विणलेली चादर: सोळा चौकोनांची वाढदिवसाची भेट

आजचा भाग हाताने करायच्या एका भेटीबद्दल आहे. बोलता बोलता बरेच आकडे येणार आहेत. ते ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून हा मजकूर मोबाइलवर ठेवून द्या. दुकानात लोकर घेताना कामाला येईल.

आपल्याकडे घरात बाळ येणार म्हटलं की कुणीतरी आजी, मावशी, आत्या सुया बाहेर काढायची. स्वेटर, टोपरं, मोजे. छान परंपरा आहे, पण स्वेटर एका वर्षात आखूड होतो आणि मुंबई-कोकणात तर तो घालायचे दिवसही मोजकेच. आता पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाचं मूल डोळ्यांसमोर आणा. रांगतंय, धडपडतंय, सगळा दिवस जमिनीवर. त्याला जे द्यायचं ते जमिनीवर पसरणारं हवं. म्हणून खेळायची चादर: सुयांवर विणलेली, आणि वर अख्खा नकाशा. रस्ता, शेत, तळं, डोंगर, अंगण. त्यावर लाकडी गाय चरेल, गाडी फिरेल.

कल्पना सगळ्यांना आवडते. अडतं कुठे, तर वाढदिवसाची तारीख हलत नाही. मोठ्या हौसेने सुरू केलेली चादर तारखेला अर्धीच असते, मग ती पिशवीत जाते, पिशवी कपाटात. म्हणून आज आपण आधी हिशोब करू आणि मग विणू.

हिशोब काय सांगतो?

मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या, तर १० सेंटिमीटर रुंदीत साधारण २० टाके बसतात. सगळ्या सुया सुलट विणल्या, तर १० सेंटिमीटर उंचीत साधारण ४० ओळी होतात. आता ९० बाय ९० सेंटिमीटरची चादर धरा. रुंदीला १८० टाके, उंचीला ३६० ओळी. गुणाकार करा: ६४,८०० टाके. शिकाऊ हाताचा वेग मिनिटाला २० टाके धरला, तर ५४ तास. रोज एक तास विणलं तरी जवळजवळ दोन महिने, आणि त्यात एकही सुट्टी नाही!

घाबरू नका. हीच चादर छोट्या चौकोनांत विणायची. एक चौकोन १५ सेंटिमीटरचा: ३० टाके, ६० ओळी, म्हणजे १,८०० टाके, म्हणजे दीड तास. एक सिनेमा बघता बघता एक चौकोन हातावेगळा होतो. आणि सुरुवातीला छत्तीस चौकोन करायचेच नाहीत. चार बाय चार, सोळा चौकोन. ६० सेंटिमीटरची चादर, २४ तासांचं विणकाम. रोज एक तास दिला तर साडेतीन आठवडे. जोडायला आणि धुवायला आणखी एक आठवडा हाताशी ठेवा. म्हणजे वाढदिवसाच्या पाच आठवडे आधी सुरुवात केली तरी जमतं.

चौकोनांचा आणखी एक फायदा आहे. अख्खी चादर सलग विणायला घेतली तर लोकलमध्ये किंवा एसटीत मांडीवर तो पसारा मावत नाही. चौकोन मात्र छोट्या पिशवीत राहतो.

फक्त सुलट टाका

या चादरीसाठी विणकामातल्या तीनच गोष्टी यायला हव्यात: सुईवर टाके घालणं, सुलट टाका, आणि टाके बंद करणं. तिन्ही व्हिडिओ बघून एका सुट्टीत शिकता येतात.

एक सुई सुलट, एक सुई उलट असं विणलं की स्वेटरसारखं गुळगुळीत कापड होतं, पण त्याच्या कडा वळतात, गुंडाळी होते. जमिनीवर पसरायच्या चादरीला ते चालणार नाही. प्रत्येक सुई सुलट विणली तर कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि सपाट पडतं. शिवाय त्यावर आडवे उंचवटे येतात, अगदी शेतातल्या सरी-वरंब्यासारखे. आपण त्यांना वरंबेच म्हणू.

दोन ओळी विणल्या की एक वरंबा तयार होतो. आणि या विणीची गंमत अशी की जितके टाके तितके वरंबे झाले की साधारण चौकोन होतो. म्हणजे ३० टाके घातले तर ३० वरंबे मोजायचे आणि टाके बंद करायचे. पट्टी लागत नाही. तुमचा हात सैल असेल आणि चौकोन १७ सेंटिमीटरचा झाला, तरी काही बिघडत नाही. सगळे सतराचे होऊ देत. फक्त मधेच सुया किंवा लोकरीची जाडी बदलू नका.

दुकानात गेल्यावर

आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो ती दुकानात बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. लेबल वाचा. या कामासाठी ॲक्रिलिक चांगलं: मऊ असतं, मशीनमध्ये धुता येतं, पटकन वाळतं. सुती धागा उन्हाळ्यात बरा वाटतो, पण ओला झाला की जड होतो, ताणतो आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. खरी मेंढीची लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते आणि घट्ट होते. आपली दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, वर्षानुवर्षं टिकते, पण राठ असते. बाळाच्या उघड्या गुडघ्यांना टोचेल.

सुयांच्या नंबरांकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते. तिच्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. तेव्हा व्हिडिओत कुणी अमेरिकन बाई नंबर ८ म्हणाल्या आणि तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून ८ नंबर आणलात, तर त्यांचा चौकोन आणि तुमचा चौकोन जुळणार नाही. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

लोकर किती घ्यायची? यासाठी आधी एकच गुंडा आणा, एक चौकोन विणा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. समजा १३ ग्रॅम भरला. सोळा चौकोनांचे २०८ ग्रॅम झाले. शिवायला, कडेला आणि पुढच्या दुरुस्तीला धरून २५० ग्रॅम घ्या. ज्या रंगाचे अनेक गुंडे लागणार आहेत ते एकाच वेळी घ्या आणि लेबलावरचा डाय लॉट नंबर सारखा आहे ना ते बघा. लॉट बदलला की त्याच हिरव्यात किंचित फरक पडतो, आणि तो दुकानात नाही, घरी उन्हात दिसतो.

नकाशा असा मांडा

चौकटीच्या वहीत चार बाय चारची घरं काढा. दुसरी आडवी ओळ आणि तिसरा उभा रकाना, हे दोन रस्ते. ते जिथे भेटतात तो चौक, तो अख्खा करड्या रंगाचा. रस्त्याचे बाकीचे सहा चौकोन पट्ट्यांचे: १० वरंबे हिरवे, १० करडे, पुन्हा १० हिरवे. रस्ता ५ सेंटिमीटर रुंद होतो. मुठीत मावणारी खेळण्यातली गाडी त्यावरून आरामात जाते. आडव्या रस्त्यासाठी चौकोन तसाच ठेवायचा, उभ्यासाठी फिरवायचा. वेगळं काही विणायला लागत नाही.

रंग बदलताना दर वेळी एकाच बाजूने बदला. त्या बाजूला रंगांची रेघ स्वच्छ येते आणि मागच्या बाजूला ठिपके दिसतात. स्वच्छ रेघेची बाजू वर.

उरले नऊ चौकोन. खाली डावीकडे चारचा गट: शेत, हिरवं. त्यातला एक चौकोन उभा, एक आडवा असे लावा. वरंब्यांची दिशा बदलली की शेजारशेजारच्या वावरांसारखं दिसतं. वर डावीकडचे दोन निळे: तळं. खाली उजवीकडचे दोन तपकिरी: डोंगर. वरच्या उजव्या कोपऱ्यातला एक लाल किंवा पिवळा: घराचं अंगण. हिशोबाने हिरवी लोकर आठ चौकोनांची लागते, म्हणजे १०४ ग्रॅम, करडी तीन चौकोनांची, निळी आणि तपकिरी दोन-दोन, लाल एक.

नकाशा तुमचा आहे. मूल रत्नागिरीचं असेल तर तळ्याऐवजी समुद्र, नाशिकचं असेल तर द्राक्षाचा मळा. मूल परदेशात राहत असेल तर आजोळच्या गावाचा रस्ता. ते मूल बोलायला लागलं की पहिल्यांदा विचारेल, हे काय? त्याचं उत्तर कुणाच्या तरी खऱ्या अंगणाचं असावं. दुकानातल्या चादरीत नेमकं तेवढंच नसतं.

जोडणी: कंटाळ्याची, पण महत्त्वाची

सोळा चौकोन झाले की अनेकजण समजतात, संपलं. अजून शिवण बाकी असते. उभ्या तीन आणि आडव्या तीन, प्रत्येकी ६० सेंटिमीटर, म्हणजे ३ मीटर ६० सेंटिमीटर. शिवाय धाग्यांची टोकं: साध्या दहा चौकोनांची २० आणि पट्ट्यांच्या सहा चौकोनांची ३६, एकूण ५६. ती शेवटासाठी साठवू नका. चौकोन झाला की लगेच बोथट सुईने टोक आत ओवून टाका. १५-२० सेंटिमीटर लांब टोक ठेवा आणि तीन वेगवेगळ्या दिशांनी फिरवा. नुसती गाठ मारली तर ती सुटते, आणि रांगणाऱ्या मुलाला टोचते ते वेगळंच.

शिवताना एक वरंबा इकडचा, एक तिकडचा. जिथे वरंब्याची कड टाक्यांच्या कडेला भेटते तिथे एका वरंब्याला एक टाका. तीस आणि तीस, म्हणून बरोबर जुळतात.

खेळणाऱ्या मुलाच्या बाजूने

आता काही गोष्टी ज्यांत तडजोड नको.

बटणं, मणी, टिकल्या लावू नका. तीन वर्षांखालचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं आणि सुटलेलं बटण घशात अडकू शकतं. झाड, फूल हवंच असेल तर धाग्याने भरतकाम करा. मागच्या बाजूला लांब लोंबणारे धागेही नकोत. त्यात छोटी बोटं अडकतात.

ही चादर जागेपणी, कुणीतरी समोर असताना खेळायची आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटी पांघरुणं ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. भेट देताना आई-बाबांना हे बोलून सांगा.

गुळगुळीत फरशीवर विणलेलं कापड सरकतं. खाली जाळीदार रबरी मॅट घालायला सांगा, किंवा ती सोबतच द्या.

आणि वाढदिवसाला औक्षण होणार, निरांजन येणार, केकवर मेणबत्त्या असणार. ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. औक्षण पाटावर, चादर नंतर. गरम इस्त्रीही नको. एकदा चपटी झालेली वीण परत फुलत नाही. साध्या पाण्यात धुवायची, दोरीवर लटकवायची नाही. ओल्या वजनाने ती लांबते. स्टँडवर आडवी पसरून वाळवायची.

वाढणारी भेट

शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आपल्या नकाशात रस्ता कडेपर्यंत जातो, मधेच संपत नाही. हे मुद्दाम आहे. पुढच्या वाढदिवसाला दोन बाजूंना मिळून नऊ चौकोन जोडा, चादर पाच बाय पाचची होते. साडेतेरा तासांचं काम. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा चौकोन, साडेसोळा तास, की सहा बाय सहा. सुरुवातीला आपण घाबरलो होतो तीच ९० सेंटिमीटरची, ६४,८०० टाक्यांची चादर, तीन वाढदिवसांत वाटून. तोवर मूल तीन वर्षांचं होतं आणि या वर्षी काय जोडायचं ते स्वतःच सांगतं. रेल्वे हवी, म्हणतं. विहीर हवी, म्हणतं.

एखादा चौकोन फाटला, त्यावर काही सांडून डाग पडला, तर तेवढाच उसवून नवा लावता येतो. आपल्या गोधडीचंही असंच असतं ना? विरलेल्या जागी ठिगळ बसतं आणि गोधडी चालत राहते.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: एक गुंडा, ४ मिलिमीटरच्या सुया, ३० टाके, ३० वरंबे. पहिल्या चौकोनाला किती वेळ लागला ते मोबाइलवर मोजा. दीड तास असो की तीन, त्याला सोळाने गुणा आणि वाढदिवसाच्या तारखेपासून मागे मोजा. पाच आठवडे पुरत नसतील तर तीन बाय तीनची करा, नऊ चौकोनांची. रस्ता तरीही कडेपर्यंत न्या. पुढे वाढवता येईल.

भेटू पुढच्या भागात!