राष्ट्रीय फुटबॉल लीग : बदलते स्वरूप

स्पर्धेचा विजेता मैदानावर ठरतो. परंतु तो कसा ठरवायचा, हे सामने सुरू होण्यापूर्वीच नियमांनी निश्चित केलेले असते. स्पर्धेत किती संघ असावेत, त्यांनी परस्परांशी किती वेळा खेळावे, हरलेल्या संघाला पुन्हा संधी मिळावी की नाही, या नियमांनी मिळून स्पर्धेचे स्वरूप तयार होते. भारतातील राष्ट्रीय फुटबॉल लीगचे स्वरूप गेल्या तीन दशकांत अनेकदा बदलले. त्या बदलांमुळे काही संघांना नवी संधी मिळाली, तर काही नामवंत संघांपुढची वाट बंद झाली.

स्पर्धेच्या मुख्य पद्धती दोन आहेत. बाद पद्धतीत पराभूत संघ लगेच स्पर्धेबाहेर जातो. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो आणि मिळालेल्या गुणांवरून क्रम लागतो. 1888 मध्ये सिमल्यात सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा आणि 1891 मध्ये मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा या देशातील जुन्या व मानाच्या स्पर्धा होत. बाद पद्धतीच्या सामन्यांतील चुरस प्रेक्षकांना आवडे. पण एका दिवसाच्या अपयशाने संघाची वर्षभराची तयारी वाया जाई. कोलकात्यात 1898 पासून साखळी स्पर्धा होत असे. मात्र ती एका शहरापुरती होती.

देशभरातील क्लबांसाठी राष्ट्रीय फुटबॉल लीग 1996-97 मध्ये सुरू झाली. पहिल्या हंगामात 12 संघांची दोन गटांत विभागणी केली होती आणि गटांतील आघाडीचे संघ पुढील फेरीत खेळले. पंजाबचा जेसीटी हा संघ पहिला विजेता ठरला. दुसऱ्या हंगामात 10 संघांची दुहेरी साखळी झाली. म्हणजे प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळला. प्रत्येकाच्या वाट्याला 18 सामने आले. या पद्धतीत एखादा पराभव भरून काढता येतो. परंतु सातत्य नसलेला संघ अग्रस्थानी टिकत नाही.

2007-08 मध्ये या स्पर्धेची जागा आय-लीगने घेतली. आरंभी तिच्यात 10 संघ होते. पुढे संख्या वाढत गेली. वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली जात आणि दुसऱ्या श्रेणीतील यशस्वी संघ वर येत. त्यामुळे विजेतेपदाची आशा मावळलेल्या संघालाही शेवटच्या सामन्यापर्यंत झुंजावे लागे. आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांचे विजेतेपद गोव्याकडे गेले : धेंपोने तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा ते पटकावले.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग ही वेगळी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात आठ संघ होते. प्रत्येक संघ 14 साखळी सामने खेळला, पहिले चार संघ उपांत्य फेरीत गेले आणि विजेता अंतिम सामन्यात ठरला. पहिला अंतिम सामना नवी मुंबईत झाला. साखळी आणि बाद या दोन्ही पद्धतींचा येथे मेळ घातला होता. मात्र खालच्या श्रेणीतून खेळून या स्पर्धेत येण्याचा मार्ग नव्हता. मालकीहक्क मिळवलेल्या संघांनाच प्रवेश होता.

हीच स्पर्धा देशातील प्रमुख स्पर्धा होणार, असा आराखडा 2016 मध्ये पुढे आला. कितीही चांगले खेळले तरी वर जाता येणार नसेल, तर खेळायचे कशासाठी, हा जुन्या क्लबांपुढचा प्रश्न होता. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन संघ त्या वर्षी आय-लीगमधून बाहेर पडले. त्याच वर्षी मिझोरामचा ऐझॉल संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांच्या माघारीनंतर त्याला पुन्हा वर घेण्यात आले आणि 2016-17 मध्ये तोच आय-लीगचा विजेता ठरला. संधी मिळाल्यास लहान संघ काय करू शकतो, हे यावरून दिसून आले.

2017-18 पासून दोन्ही स्पर्धा एकाच काळात होऊ लागल्या. 2019 मध्ये इंडियन सुपर लीगला देशातील सर्वोच्च श्रेणीचे स्थान देण्यात आले, तसेच 2022-23 पासून आय-लीगच्या विजेत्याने वर जावे असे ठरले. त्यानुसार पंजाबचा संघ 2023-24 मध्ये वरच्या श्रेणीत खेळला. त्यानंतर मोहम्मेडन स्पोर्टिंगला ती संधी मिळाली. वरून खाली जाण्याचा नियम मात्र 2024-25 पर्यंत लागू झाला नव्हता.

साखळीतील अग्रस्थानाचे मोलही याच काळात वाढले. 2019-20 पासून अव्वल संघाला स्वतंत्र ढाल दिली जाऊ लागली. पहिली ढाल एफसी गोवाने जिंकली. पण तो संघ उपांत्य फेरीत हरला आणि करंडक एटीके संघाने नेला. एकाच हंगामात साखळीने एक संघ श्रेष्ठ ठरवला, तर बाद फेरीने दुसरा. 2022-23 पासून बाद फेरीसाठी चारऐवजी सहा संघ पात्र ठरू लागले; त्यांपैकी पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश मिळाला.

साखळीतून सातत्याची आणि बाद फेरीतून ऐनवेळच्या धैर्याची परीक्षा होते. दोन्ही गुण खेळाडूला हवेतच. परंतु राष्ट्रीय म्हणवणाऱ्या स्पर्धेला आणखी एका कसोटीस उतरावे लागते : दूरच्या गावातील एखाद्या छोट्या संघाला केवळ आपल्या खेळाच्या बळावर सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचता येते का? स्पर्धेच्या नव्या स्वरूपाचे मोल या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरते.