मांडव का कलतो?

दोडका, कारले किंवा दुधी यांचा मांडव रिकामा असताना सहसा पडत नाही. आषाढात वेल चढतो, पाने दाटतात, श्रावण-भाद्रपदात फळे लोंबू लागतात आणि नेमका तेव्हाच, एखाद्या वाऱ्याच्या रात्री, सगळा डोलारा आडवा होतो. वेल मुळाजवळ पिरगळला तर मांडव पुन्हा उभा करूनही त्या हंगामाचे पीक बहुधा हाती लागत नाही. पडलेला मांडव नीट पाहा. तार क्वचितच तुटलेली असते. कडेचा डांब आत कललेला असतो.

मांडवाला झोळ पडला की आपण काय करतो? तार ओढून आणखी घट्ट करतो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हा उपाय चांगलाच महागात पडू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग करा. चार मीटर लांबीच्या दोरीच्या मध्यभागी दहा लिटर पाण्याची बादली अडकवा आणि दोन टोके दोघांनी ओढून धरा. दोरीला भरपूर झोळ असेल तोवर काम सोपे असते. मग ती सरळ करण्याचा प्रयत्न करा. दोघेही पैलवान असलात तरी दोरी पूर्ण सरळ होणार नाही! बादलीला उचलून धरतो तो दोरीतील ताणाचा फक्त उभा घटक. दोरी जितकी आडवी, तितका हा घटक लहान. म्हणून एकूण ताण वाढवावा लागतो. बादलीचे स्वतःचे वजन सोडून देऊ. प्रत्येक बाजूला ५ किलोग्रॅम भार पेलायचा आहे. मध्याशी झोळ २० सेंटिमीटर असेल तर दोरीतील ताण सुमारे ५० किलोग्रॅम भार होतो. झोळ ५ सेंटिमीटरवर आणला की तोच ताण २०० च्या घरात जातो. शिक्षकांनी दोरीच्या टोकाला ताणकाटा लावून, बादलीऐवजी एखादे पुस्तक टांगून हे वर्गात जरूर दाखवावे. फळ्यावरच्या बलांच्या त्रिकोणापेक्षा ते अधिक काळ लक्षात राहते.

आता हा ताण जातो कोठे? कडेच्या डांबाच्या डोक्यावर. डांब ही एक तरफच आहे. दोन मीटर उंचीवर ५० किलोग्रॅमची ओढ म्हणजे जमिनीपाशी १०० किलोग्रॅम-मीटर परिबल. ते पेलायला असते काय, तर हात-दीड हात खोल गाडलेला भाग आणि भोवतालची पावसाने मऊ झालेली माती. माती हटते आणि डांब कलतो.

अनुभवी शेतकरी यावर डांबाला बाहेरून ‘ताण’ देतात, म्हणजे डोक्यापासून एक तार बाहेर नेऊन जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. दगड वर यायचा तर त्याच्यावरची माती उचलावी लागते, म्हणून तो घट्ट बसतो. दगड डांबापासून दोन मीटरवर असेल तर तार जमिनीशी ४५ अंशांचा कोन करते आणि तिच्यात सुमारे ७१ किलोग्रॅम भार येतो. जागा वाचवण्यासाठी दगड सव्वा मीटरच्याही आत आणला की कोन ६० अंशांचा होतो आणि भार १०० वर जातो. तेव्हा जागेची कंजुषी येथे नको. शिवाय ही तार डांबाला खाली दाबते, म्हणून बुडाशी एक सपाट दगड ठेवावा. कडेचे डांब मुद्दाम बाहेर झुकवून रोवण्याची रीतही याच हिशेबातली आहे. डोक्यावरचा भारच मग आतल्या ओढीला थोडा विरोध करतो.

कुंपणालगतच्या उभ्या जाळीची गोष्ट निराळी. पानांनी भरलेली जाळी म्हणजे शिडाचे कापडच. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १४ किलोग्रॅम भार असतो. तीन मीटर लांब, दोन मीटर उंच जाळी पूर्ण झाकली गेली असेल तर ८० च्या आसपास भार झाला. वेग दुप्पट झाला की दाब चौपट! जाळीच्या मागे तिरके टेकू हवेत ते यासाठी. जाळीची चौकट बाजूला लवू नये म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी काठीही बांधा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडलेला चौकोन बोटाने ढकलला की कलतो, तीन पट्ट्यांचा त्रिकोण कलत नाही.

वेलाने आपल्यापुरती सोय केलेलीच असते. काकडीचा ताणा पाहा: आधाराला पकडल्यावर तो स्प्रिंगसारखा गुंडाळतो, अर्धा एका दिशेने, अर्धा उलट दिशेने. दोन्ही टोके जखडलेली असल्याने पीळ एकाच दिशेने पडूच शकत नाही. वाऱ्याच्या झटक्याने ही स्प्रिंग लांबते, तुटत नाही. वेलींच्या हालचालींवर १८६५ साली प्रबंध लिहिणारा डार्विन सोसाट्याच्या वाऱ्यात मुद्दाम कुंपणावरचा वेल पाहायला जात असे.

डांब लाकडाचा किंवा बांबूचा असेल तर तो कुजतो जमिनीलगत. ओल आणि हवा दोन्ही तेथे मिळतात, आणि परिबलही तेथेच सर्वांत जास्त असते. ज्येष्ठात वेल चढण्यापूर्वी त्या वीतभर जागेत चाकूचे टोक खुपसून पाहा. ते सहज रुतले तर डांब बदला.