पेडल कुणाचं, क्लीट कुणाची?

बूट पेडलवर टेकवला की खट्‌कन बसतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. क्लिपलेस पेडलची सगळी मजा एवढ्यात आहे. पण सेकंडहँड जोडी स्वस्तात मिळते तेव्हा बहुतेक वेळा क्लीटच गायब असते, म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने बसणारा तो छोटा तुकडा. तिच्याशिवाय उत्तम पेडलही निकामी, आणि एका घराण्याची क्लीट सहसा दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे आधी घराणं ओळखायचं.

बर्फावरून रस्त्यावर. फ्रान्सची लूक कंपनी मुळात स्कीइंगची. माणूस बर्फावर पडला की त्याचा बूट पट्टीतून सुटला पाहिजे, हे तिचं कसब. १९८४ साली तेच तंत्र तिनं सायकलच्या पेडलवर आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोनं ती पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकली! इटलीच्या चिनेल्लीनं १९७१ मध्येच असं पेडल काढलं होतं, पण त्यातून पाय सोडवायला हातानं खटका सरकवावा लागे.

आधी बूट उलटा करा. दोन बोल्टची सोय असेल तर शिमानोचं एसपीडी, क्रँकब्रदर्स किंवा टाइमचं एटॅक. त्रिकोणात तीन भोकं असतील तर लूक किंवा शिमानोचं एसपीडी-एसएल. चार असतील तर स्पीडप्ले. दोन बोल्टची क्लीट सोलच्या खाचेत दडते, त्यामुळे त्या बुटांनी नीट चालता येतं. ब्रेव्हेत, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, दर कंट्रोलला (तपासणी-थांब्याला) उतरून शिक्का घ्यायला जाणाऱ्यांना याची किंमत बरोबर कळते.

लाल रंगानं फसू नका. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पेडलवर अडकलेला पाय डावी-उजवीकडे किती अंश हलू शकतो, हे क्लीटचा रंग सांगतो. एसपीडी-एसएलमध्ये लाल म्हणजे शून्य अंश, निळा दोन, पिवळा सहा. लूकच्या केओमध्ये काळा शून्य, करडा साडेचार आणि लाल चक्क नऊ! एकाकडे जखडून ठेवणारा रंग दुसऱ्याकडे सगळ्यात मोकळा. गुडघ्याला जपायचं असेल तर नवख्यानं मोकळ्याकडूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. आणि दोन्ही क्लीटा त्रिकोणी दिसत असल्या तरी केओची एसपीडी-एसएलला लागत नाही.

जुनं ते टिकलं. लूकची पहिली, मोठी क्लीट म्हणजे डेल्टा. रस्त्यावर तिची जागा २००४ च्या सुमारास केओनं घेतली. तरी डेल्टा आजही नवी मिळते, कारण पेलोटनसारख्या घरातल्या व्यायामाच्या सायकलींनी तीच उचलली. माळ्यावर डेल्टाची पेडलं पडली असतील तर टाकू नका.

शिमानोचं काम सर्वांत सोपं. पेडलवर ‘पीडी’नं सुरू होणारा क्रमांक शोधा, क्लीटवर ‘एसएच’चा. पहिलं एसपीडी, पीडी-एम७३७, १९९० चं. आजची एसएच५१ त्यावरही चालते. एसएच५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच५६ अनेक दिशांनी सुटते, म्हणून सिग्नलला घाबरणाऱ्यांसाठी तीच बरी. एसपीडी-आर असं लिहिलेलं दिसलं तर मात्र मोह आवरा. ते घराणं बंद पडलंय, क्लीट शोधता शोधता जीव जाईल.

चारही बाजूंनी उघडं. क्रँकब्रदर्सचं एगबीटर नावाप्रमाणेच अंडी फेटायच्या यंत्रासारखं दिसतं आणि चारही बाजूंनी बूट पकडतं. त्याची क्लीट पितळेची, म्हणजे मऊ. झिजते ती क्लीट, पेडल वाचतं. आणखी एक सुंदर युक्ती: नेहमीच्या जोडीतल्या दोन क्लीटांपैकी एकीवर खुणेचे ठिपके असतात. डावी-उजवी अदलाबदल केली की पाय सुटण्याचा कोन पंधरा अंशांचा वीस होतो, किंवा उलट.

स्पीडप्लेनं तर सगळंच फिरवलं. पेडल म्हणजे गोल लॉलीपॉप, त्यात स्प्रिंग नाही; सगळी यंत्रणा क्लीटमध्ये. म्हणून तिथे क्लीटविना सौदा करताना हात आखडताच घ्या, कारण महागडा भाग तोच.

वेलगोसारख्या तैवानी कंपन्या वेगवेगळ्या घराण्यांना जुळणारी पेडलं बनवतात. तिथे नावावर जाऊ नका, मॉडेल क्रमांक पाहा.

पैसे देण्याआधी दांडा बोटांनी फिरवून खडखड ऐका आणि आटे तपासा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो दोष नव्हे. घरी आल्यावर स्प्रिंगचा स्क्रू असेल तर तो दोन्ही बाजूंना पूर्ण सैल करा, भिंतीला धरून दोन्ही पाय अडकवून-सोडवून पाहा, मग सवय होईल तसा थोडा थोडा आवळत न्या.