भूगोलाच्या पदवीचा जमाखर्च

आंबिवलीहून भूगोल शिकायचा तर फीपेक्षा मोठा खर्च वेगळाच असतो. अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी बेताची, लोकलचा पासही विद्यार्थ्याला सवलतीत मिळतो. पण बारावीनंतर लगेच नोकरी धरली असती तर? समजा महिना १५,००० मिळाले असते, तर तीन वर्षांचे ५,४०,००० रुपये बुडाले. एम.ए.ला मुंबई विद्यापीठाचा भूगोल विभाग कलिन्यात. कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस किंवा रिक्षा. आणखी दोन वर्षं त्यातच जातात.

आता जमेची बाजू. नुसत्या पदवीवर फारसं काही पदरात पडत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. शाळेत शिकवायला बी.एड. आणि पात्रता परीक्षा, कॉलेजसाठी नेट किंवा सेट. यूपीएससीला भूगोल वैकल्पिक विषय घेता येतो, पण त्याच्या भरवशावर घरचं गणित मांडू नये.

खरी किंमत येते ती जीआयएसमुळे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती एकत्र हाताळण्याच्या कौशल्यामुळे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते. सरावाला विषय दारातच आहे: काळू नदीचं पाणी पावसाळ्यात कुठल्या वस्तीपर्यंत चढतं, याचा नकाशा करून पाहा. मुलाखतीत गुणपत्रिकेआधी असा नकाशा पुढे ठेवावा.